ग्लेंडा हॅलीवेलची काळी पट्टी

ग्लेंडा हॅलीवेलने आयुष्यात जेवढं वाचलं, त्यातलं बरंचसं तिने स्वतःच्या हाताने काळं करून टाकलं. ब्रॅकशॉ गावच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, तिचं कामच ते होतं. म्हातारी, आजारी, अपंग अशी जी माणसं कौन्सिलच्या देखभालीखाली असतात, त्यांच्यापैकी कुणी 'माझ्याबद्दल तुम्ही काय काय लिहून ठेवलंय ते दाखवा' असा अर्ज केला, की तो तिच्या टेबलावर यायचा. मग ती त्या माणसाची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. त्यात दुसऱ्या कुणाचं खासगी काही असेल, शेजारणीची तक्रार, सुनेचं दुखणं, भावाचा पत्ता, तर त्यावर काळी पट्टी ओढायची आणि उरलेलं महिन्याच्या आत अर्जदाराच्या हाती द्यायचं.

पूर्वी हे जाड मार्करने व्हायचं. पट्टी ओढून झाली की ती कागद खिडकीशी धरून बघायची, कारण उजेडात खालची अक्षरं दिसतात. दिसली की पानाची झेरॉक्स काढून तीच द्यायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरी छापलेलं पान खिडकीशी धरून बघायची तिची सवय काही सुटली नाही. ऑफिसातले हसायचे. ती म्हणायची, "हसा. चूक झाली की निस्तरायला मीच लागते तुम्हाला."

ते खरंच होतं. एकदा घरोघरी जाणाऱ्या एका मदतनीस बाईची वही बसमध्ये राहिली. वहीत चौदा म्हाताऱ्या माणसांची नावं, पत्ते, औषधाच्या वेळा आणि दाराबाहेर किल्ली ठेवायच्या कुलूपपेटीचे उघडायचे आकडे होते. वही दुसऱ्या दिवशी डेपोत सापडली, पण मधल्या रात्री ती कुणाच्या हातात होती हे कुणालाच सांगता येईना. ग्लेंडा आणि दुसरी एक बाई अशा दोघींनी चौदाही घरी जाऊन माफी मागितली आणि आकडे बदलले. एक नव्वदीच्या आजी दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नको बाई बदलू. आत्ता कुठे पाठ झालाय तो." चोर येईल म्हटल्यावर म्हणाल्या, "येऊ दे की. कुणीतरी येईल तरी."

सतराव्या वर्षी ती कौन्सिलमध्ये टायपिस्ट म्हणून लागली होती. तेव्हा समाजसेवा खात्याचे अधिकारी दिवसभर घरोघरी फिरून यायचे आणि संध्याकाळी कॅसेटमध्ये बोलून ठेवायचे. सकाळी कानाला यंत्र लावून, पायाने पेडल दाबत, ते बोलणं कागदावर उतरवायचं. आठ मुली एका ओळीत बसायच्या. शब्द बरोबर आले पाहिजेत, अर्थाशी मुलींचा संबंध नव्हता. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, टायपिंगची खोली बंद पडली, आणि फाइलींत कुठे काय ठेवलंय हे एकट्या ग्लेंडालाच माहीत आहे हे वरच्यांच्या लक्षात आलं. म्हणून ती टिकली.

नवरा डेरेक बसगाड्या दुरुस्त करायचा. संध्याकाळी भाजलेले बटाटे आणि वाटाणे पुढ्यात घेऊन तो विचारायचा, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही." तीस वर्षं हेच उत्तर. गाव एवढंसं, त्यामुळे दुकानात ज्यांच्या फाइली वाचल्यात ती माणसं भेटायचीच. एखाद्याच्या दारूबद्दल, मुलीने टाकल्याबद्दल, रात्री अंथरूण ओलं होण्याबद्दल तिला सगळं ठाऊक असायचं आणि तो तिला ओळखतही नसायचा. अशा वेळी ती कोबी निवडत राहायची.

नॉर्मा टॅटरसॉलचा अर्ज दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत आला. अक्षर मोठं, पेन्सिलीने काढल्यासारखं. खाली लिहिलं होतं: मला दोन गोष्टी कळायला हव्यात. मला तिकडे कुणी पाठवलं. आणि मला भेटायला कुणी आलं होतं का.

अर्ज करणारा माणूस तोच आहे ना, हे आधी बघावं लागतं. म्हणून नॉर्माला ऑफिसात बोलावलं. ती लोर्ना नावाच्या मदतनीस बाईबरोबर आली. सत्तरीची, ठेंगणी, जांभळी लोकरीची टोपी, पर्स छातीशी धरलेली. बसचा पास काढून तिने टेबलावर आपटला.

"हा बघा. फोटो वाईट आहे, पण मीच आहे."

"बसा ना, मिस टॅटरसॉल," ग्लेंडा म्हणाली.

"नॉर्मा म्हण गं. मिस टॅटरसॉल म्हटलं की डॉक्टर आल्यासारखं वाटतं." ती बसली. खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "माझी फाइल कुठाय?"

"गोदामात. आणायला सांगितली आहे. सात खोकी आहेत."

"सात?" नॉर्माने लोर्नाकडे बघितलं. "माझं सगळं सामान तीन खोक्यांत मावलं होतं!"

ग्लेंडाने तिला समजावलं. पानं जवळजवळ चौदाशे आहेत, महिन्यात होणार नाही, कायद्याने आणखी दोन महिने घेता येतात. दुसऱ्यांबद्दलचं काही असेल तर ते झाकावं लागेल. त्यात वाचायला कठीण जाईल असंही काही असू शकेल.

"मी पंचवीस वर्षं एल्डरक्लफमध्ये काढलीत, पोरी," नॉर्मा म्हणाली. "तिथे राहायला कठीण गेलं नाही, मग वाचायला काय जाणार?"

एल्डरक्लफ म्हणजे टेकडीवरचं जुनं इस्पितळ. शाळेत मागे पडणारी, फिट येणारी, घरच्यांना जड झालेली मुलं तिथे ठेवायचे आणि ती तिथेच म्हातारी व्हायची. एकोणनव्वद साली ते बंद झालं. तिथली माणसं गावात घरं करून राहिली. नॉर्मा आता दोन मैत्रिणींबरोबर एका लहानशा घरात राहत होती, स्वयंपाक येत होता, गुरुवारी बाजारातल्या कॅफेत जात होती.

ग्लेंडाने पहिलं खोकं उघडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच पानावर होतं. चौसष्ट सालचा नोव्हेंबर. नॉर्मा सोळा वर्षांची. आई उन्हाळ्यात वारली. मुलीला महिन्यातून दोनदा फिट येते. वडील गिरणीत पाळीवर जातात, घरात बारा वर्षांची दुसरी मुलगी आहे, तिच्यावर परिणाम होतो. खाली वडिलांची सही आणि डॉक्टरची. मुलीला काही विचारल्याची नोंद नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही सोपं होतं. भेटीला येणाऱ्यांसाठी एक छापील तक्ता होता, वर्षाला एक पान. पंचवीस पानं, सगळी कोरी.

इस्पितळ बंद झालं तेव्हा वॉर्डातल्या नर्सच्या वह्यांची पानंही फाइलीत आली होती. एका नर्सचं अक्षर बारीक आणि नीट होतं. रविवार: नॉर्माने विचारलं, आज कुणी येणार आहे का. पुढचा रविवार: नॉर्माने विचारलं, आज कुणी येणार आहे का. ग्लेंडाने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

मग ब्याऐंशी सालचा एक अहवाल आला. रिग्बी नावाच्या अधिकाऱ्याचा, दीड पानाचा. 'रुग्ण समाधानी आहे. मासे आवडत नाहीत. नातेवाइकांची आठवण नाही, त्यांच्याबद्दल कधी विचारत नाही. बाहेर ठेवण्याचा विचार करण्याची आवश्यकता दिसत नाही.' पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दोन आद्याक्षरांच्या जोड्या होत्या. पहिली सांगणाऱ्याची. तिरक्या रेघेपलीकडची दुसरी, लहान अक्षरात, टाइप करणारीची. जी पी. ग्लेंडा पोलार्ड. तिचं लग्नाआधीचं नाव.

तिला ते पान आठवेना. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अशी दिवसाला पंधरा पानं व्हायची. ती उठून चहा करून आली, पान बाजूला ठेवलं आणि पुढचं वाचायला घेतलं. चहा तसाच राहिला.

पाचव्या खोक्यात पत्रं निघाली. बहात्तर सालापासून दर मार्चमध्ये एक. लिहिणारी मोरीन, म्हणजे ती बारा वर्षांची दुसरी मुलगी. 'नॉर्माचा वाढदिवस आहे. ती कशी आहे? फिट थांबल्या का? अजून तिला उजेड लागतो का झोपताना? मी विचारलं हे कृपा करून तिला सांगू नका.' आणि दरवर्षी ऑफिसातून कुणीतरी एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: आपल्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे. गेल्या मार्चपर्यंत सत्तेचाळीस पत्रं. अलीकडच्या पत्रांत फोन नंबर होता आणि सूचना: फक्त मंगळवारी दुपारी.

मोरीन जिवंत होती, म्हणजे तिची माहितीही तिची होती. ती विचारल्याशिवाय देता येत नव्हती. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी ग्लेंडाने फोन लावला. बोलणारी मोरीनच आहे याची खात्री करून घेतली, मगच कौन्सिलचं नाव काढलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "गेली का ती?"

"नाही, तसं काही नाही. तिने स्वतःची फाइल मागितली आहे. त्यात तुमची पत्रं आहेत. ती तिला दाखवायला तुमची हरकत आहे का, एवढंच विचारायचं होतं."

"नको! नको दाखवू, बाई." आवाज एकदम खाली आला. "पंचेचाळीस वर्षं संसार केला मी. यांना सांगितलंय, मी एकुलती एक. आता कुठल्या तोंडाने सांगू? मी बारा वर्षांची होते. बाबा म्हणाले, तिचं नाव या घरात निघता कामा नये. मग नाही निघालं. पुढे काढायचं कसं तेच कळेना."

"समजलं."

"कशी आहे ती? चालते-फिरते ना? कुठे राहते?"

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे? दरवर्षी तर सांगत होता!"

"सांगायला नको होतं," ग्लेंडा म्हणाली. "तिला कुणी विचारलंच नव्हतं."

मोरीनने फोन ठेवला. त्या मार्चमध्ये पत्र आलं नाही.

ग्लेंडाची साहेबीण रुबीना अख्तर वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती आणि नियमांना पक्की. सगळं ऐकून ती म्हणाली, "ती नाही म्हणाली ना? मग झालं. काळं कर, पुढे जा."

"पत्रांत मोरीनबद्दल काय आहे, रुबीना? आडनाव, पत्ता, नवरा, मुलं. ते सगळं जाईल. पण फिट थांबल्या का, झोपताना उजेड लागतो का, हे कुणाबद्दल आहे? नॉर्माबद्दल. ते नॉर्माचं आहे."

"अगं पण कुणी लिहिलं हे तिला कळेलच की. लहान मूल आहे का ती?"

"बहीण आहे हे तिला माहीतच आहे. त्यांनी एका खोलीत सोळा... बारा वर्षं काढलीत. आपण नवीन एवढंच सांगू, की कुणीतरी विचारत होतं. तिने तेच विचारलंय आपल्याला."

"आणि उद्या मोरीनने तक्रार केली तर?"

"माझं नाव सांग."

"तुझं नाव सांगून चालत असतं तर काय हवं होतं," रुबीना म्हणाली. ती दोन दिवस फाइल घेऊन बसली, कौन्सिलच्या वकिलाला भेटून आली. मग एका कागदावर कारणं लिहिली, कुणाचा हक्क कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो ते, आणि खाली सही केली. एक अट घातली: मोरीनला हे आधी सांगायचं. पुढच्या मंगळवारी ग्लेंडाने सांगितलं. मोरीनने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

एप्रिलात नॉर्मा लोर्नाला घेऊन आली. लहान खोलीत तिघी बसल्या. कागद तारखेप्रमाणे लावलेले, दोन जाड फाइलींत. लोर्ना वाचायची, नॉर्मा ऐकायची, मधूनच "परत वाच" म्हणायची. वडिलांच्या सहीवर तिने बोट ठेवलं. "हो. ते असंच 'ट' काढायचे." एवढंच. भेटीचे कोरे तक्ते तिने एक एक करून सगळे उलटले.

पत्रं आली तेव्हा काळ्या पट्ट्यांच्या मधे चार-चार ओळी उरलेल्या होत्या. लोर्ना वाचत गेली. तिसऱ्या पत्राला नॉर्मा म्हणाली, "ही आमची मोरीन."

ग्लेंडाने पुढचं पत्र लोर्नाकडे सरकवलं.

"तू नको सांगू, तुला सांगता येत नसेल. पण उजेडाचं तिलाच माहीत होतं. तीच दार किलकिलं ठेवायची." तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "फार घाबरायची बाबांना. माझ्यापेक्षा जास्त. मला तरी फिट यायच्या, म्हणून मारत नव्हते." मग लोर्नाला म्हणाली, "तू का रडतेस? वाच पुढे."

ब्याऐंशी सालचा अहवाल आला तेव्हा मात्र तिचा चेहरा लाल झाला. "कधी विचारत नाही? मी? हे कुणी लिहिलं?"

"रिग्बी म्हणून होते. वारले ते," ग्लेंडा म्हणाली. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं. टाइप मी केलं."

लोर्नाने मान वर केली. नॉर्मा ग्लेंडाकडे वळली.

"तू? केवढी होतीस तू?"

"एकोणीस."

"त्याने सांगितले तेच शब्द घातलेस?"

"तेच."

"शुद्धलेखन चांगलं होतं तुझं?"

"हो."

"मग आता मी सांगते ते घाल."

चुकीचं लिहिलेलं दुरुस्त करून मागण्याचा हक्क नॉर्माला होताच. रिग्बीचं मत खोडता येत नव्हतं, कारण ते त्याचं मत होतं आणि त्या काळी त्यावर निर्णय झाले होते. पण शेजारी तिचं म्हणणं जोडता येत होतं. ग्लेंडा कॉम्प्युटरपाशी बसली. नॉर्मा खुर्ची ओढून मागे बसली आणि सावकाश सांगू लागली. 'मी दर रविवारी विचारत होते. नर्स खोटं लिहीत नव्हती. मला मासे आवडतात, पण तिथले खारट असायचे. हे साहेब आले तेव्हा ते मुख्य नर्सशी बोलले आणि गेले. मला त्यांनी काही विचारलं नाही. मी समाधानी नव्हते.'

"नव्हते, याच्याखाली रेघ मार."

ग्लेंडाने मारली. नॉर्माने पान हातात घेतलं, सही केली आणि विचारलं, "हे कुठे राहील?"

"त्या अहवालाच्या आधी. जो फाइल उघडेल, त्याला आधी हे दिसेल."

घरी जाताना ग्लेंडाने एक बस सोडली आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन दुसरी घेतली. मनात मोठं काही आलं नाही. रिग्बीचा आवाज आठवला. शब्दांच्या शेवटी तो किंचित खोकायचा, आणि खोकला टाइप करायचा नसतो हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

त्यानंतर दीड वर्ष काही झालं नाही. मग एका मंगळवारी दुपारी फोन आला. मोरीनच होती. नवरा मेमध्ये गेला होता. "मुलांना सांगितलं मी," ती म्हणाली. "धाकटी म्हणाली, आई, इतकी वर्षं कसं गिळलंस गं? आता तरी पत्ता दे, बाई."

"मी तिला विचारते," ग्लेंडा म्हणाली. "ती हो म्हणाली तर."

मोरीन म्हणाली, "हो. बरोबर आहे."

नॉर्माने फोनवर निरोप ऐकला. भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "घरचा पत्ता नको देऊस. घरी आम्ही तिघी राहतो, त्यांना विचारावं लागेल. सांग तिला, गुरुवारी अकरा वाजता बाजारातल्या कॅफेत असते मी. यायचं असेल तर ये म्हणावं. आणि लिहून ठेव, की हे मी सांगितलं."

"लिहिते."

"काय लिहिलंस, वाचून दाखव."

ग्लेंडाने वाचून दाखवलं.

त्या गुरुवारी काय झालं ते तिला कळलं नाही. विचारणं तिच्या कामात बसत नव्हतं, आणि कारण नसताना फाइल उघडली तर कॉम्प्युटर ते टिपून ठेवतो. पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. ऑफिसाने केक आणला, रुबीनाने छोटं भाषण केलं. जागेवर दोघांना घेतलं, आणि दोघांनाही फाइली सापडेनात.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी ती बाजारात पडद्याचं कापड बघत होती. मागून हाक आली, "ए पोरी! कौन्सिलवाली!" कॅफेच्या खिडकीजवळ नॉर्मा बसली होती. समोर तिच्याचसारखी ठेंगणी, नीट केस केलेली एक बाई. दोघींपुढे मासे आणि चिप्स.

"ही मोरीन," नॉर्मा म्हणाली. "हिच्यावर पट्टी मारली होतीस ना तू?"

मोरीन कानापर्यंत लाल झाली. उठून उभी राहिली, काय करावं ते न कळून ग्लेंडाचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "मी तेव्हा फोन आपटला," ती म्हणाली. "दोनदा."

"आपटतात माणसं," ग्लेंडा म्हणाली.

"बस गं खाली," नॉर्मा बहिणीला म्हणाली. "दर गुरुवारी कुणा ना कुणाची माफी मागते ही. गेल्या आठवड्यात वाढणाऱ्या मुलीची मागितली. खा आधी, गार होतंय." मग ग्लेंडासाठी तिने पर्स उचलून तिसरी खुर्ची मोकळी केली.